थिओडोर रूझवेल्ट यांची आफ्रिकेची शिदोरी

मनुष्य प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्या गाठोड्यात काय आहे हे पाहिले, म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. कोणी चार दिवसांच्या यात्रेसाठी चार ट्रंका भरतो आणि ऐन वेळी साध्या सुतळीसाठी शेजाऱ्याकडे हात पसरतो. कोणी एका पडशीत सारे भागेल असे मानतो आणि पहिल्याच पावसात भिजून परत फिरतो. पंढरीच्या वारकऱ्याची गोष्ट निराळी. काय बरोबर घ्यावे, काय वाटेत मिळेल आणि काय घरीच ठेवावे, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते.

प्रस्तुत लेखकाने शाळामास्तर म्हणून तीसहून अधिक वर्षे मुलांच्या सहली नेल्या. एके वर्षी एका किल्ल्यावर गेलो असता शिऱ्याचा रवा, तूप, सतरंज्या, इतकेच काय पण बाजाची पेटीसुद्धा बरोबर घेतली होती. कंदील मात्र घेतला आणि त्यात तेल घालायचे राहिले. उतरताना अंधार पडला आणि चाळीस मुलांना एकमेकांचे हात धरून कड्याच्या वाटेने खाली आणावे लागले. देवाच्या दयेने कोणास इजा झाली नाही. पण त्या रात्री प्रवासाची तयारी म्हणजे काय, याचा धडा मास्तरांनाच मिळाला. तेव्हापासून थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांनी पराक्रम काय केला याबरोबरच त्यांनी तयारी कशी केली, हे पाहण्याची सवय जडली. या दृष्टीने ज्यांचे चरित्र अत्यंत बोधप्रद वाटले, अशा एका परदेशी पुरुषाची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हे पुरुष म्हणजे अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे यांचे दूरचे आप्त. दोघांची गल्लत होऊ देऊ नये. थिओडोर रूझवेल्ट यांनी इ. स. १९०९ साली, अध्यक्षपदावरून उतरताच, आफ्रिकेत सुमारे एक वर्षाची शिकारीची सफर केली. अशा सफरीला तिकडे ‘सफारी’ म्हणतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेचा. त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे आणि तोच शब्द आपण मराठीत नित्य वापरतो.

दुबळे बालपण

थिओडोर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरी एका संपन्न व्यापारी कुटुंबात झाला. घरी लक्ष्मी होती, पण मुलाच्या देहात बळ नव्हते. त्यास दम्याचा विकार होता. रात्री धाप लागली म्हणजे वडील त्याला उचलून घेऊन येरझारा घालीत आणि कधीकधी मोकळी हवा मिळावी म्हणून गाडी जोडून रात्रीच्या रस्त्यांतून फिरवून आणीत. वडिलांनी पुढे मुलास सांगितले की, बुद्धी तुला ईश्वराने दिली आहे, शरीर मात्र तुझे तुलाच कमवावे लागेल. त्यासाठी घरीच व्यायामशाळा उभारून दिली. मुलाने ते वचन शिरोधार्य मानले आणि जन्मभर पाळले.

या मुलाला दुसरे एक वेड होते. सात-आठ वर्षांचा असताना त्याने बाजारात मांडलेला एक मेलेला सील मासा पाहिला. आपण त्यास मासा म्हणतो, पण तो समुद्रात राहणारा सस्तन प्राणी आहे. मुलगा रोज जाऊन त्याची मापे घेऊ लागला. अखेर त्या प्राण्याची कवटी त्याला मिळाली आणि तिच्यावरून त्याने भावंडांच्या साह्याने घरच्या घरी एक प्राणिसंग्रहालय थाटले. पुढे एका वृद्ध कारागिराकडे जाऊन पक्ष्यांची कातडी सोलून, औषध लावून, पेंढा भरून ठेवण्याची विद्याही तो शिकला.

तेराव्या-चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यास बंदूक दिली. सोबत्यांना जे पक्षी दिसत, ते याला दिसतच नसत. याचे कारण कोणासच कळेना. एके दिवशी मित्रांनी दूरच्या जाहिरातीच्या फळ्यावरील अक्षरे मोठ्याने वाचली, तेव्हा थिओडोरच्या ध्यानात आले की, आपल्याला ती अक्षरे वाचता येणे दूरच राहिले, तेथे अक्षरे आहेत हेसुद्धा दिसत नाही. वडिलांनी चष्मा करून दिला आणि त्याच्यापुढे जणू नवी सृष्टी उभी राहिली. इ. स. १८७२-७३ च्या हिवाळ्यात हे कुटुंब ईजिप्तमध्ये नाईल नदीवर नौकाप्रवास करीत होते. तेथे या चष्मेवाल्या मुलाने पक्षी टिपून त्यांची कातडी जतन केली. आपल्यात असलेले उणे न लपवता त्याचा बंदोबस्त करावा, हा धडा त्यास या एका चष्म्याने दिला. आम्ही शिक्षकांनीही वर्गातील ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलास फळ्यावरचे दिसते की नाही, हे आधी पाहावे.

दुःख आणि उत्कर्ष

इ. स. १८८० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन थिओडोर राजकारणात शिरले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. परंतु १४ फेब्रुवारी १८८४ हा दिवस त्यांच्यावर वज्राघातासारखा कोसळला. त्या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची माता आणि पत्नी या दोघी निवर्तल्या. दोनच दिवसांपूर्वी जन्मलेली कन्या पाळण्यात होती. बहिणीच्या हाती मूल सोपवून ते पश्चिमेकडील डाकोटा प्रांताच्या माळरानावर गुरांच्या कळपांत जाऊन राहिले. तेथील खडतर जीवनाने त्यांचे मन सावरले आणि शरीर पोलादी बनले. तेथेच त्यांनी हेही पाहिले की, एके काळी लाखोंनी चरणारे रानरेडे माणसाच्या बंदुकीने जवळजवळ नाहीसे झाले आहेत. इ. स. १८८७ मध्ये त्यांनी मित्रांसह एक शिकारी संघ स्थापला. त्याचा एक मुख्य उद्देश वन्य पशूंचे रक्षण हा होता.

पुढील उत्कर्ष थोडक्यात सांगतो. त्यांनी दुसरा विवाह केला. इ. स. १८९८ च्या क्यूबातील युद्धात ते स्वयंसैनिकांच्या घोडदळासह लढले. तेथेही चष्मा फुटला तर रणांगणात आंधळेपण येऊ नये म्हणून त्यांनी चष्म्यांचे अनेक जोड बरोबर बाळगले होते. मग ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले, नंतर उपाध्यक्ष झाले आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर १४ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अध्यक्ष झाले. रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल इ. स. १९०६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. त्यांच्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय उद्याने, पक्ष्यांची एक्कावन्न अभयारण्ये आणि विस्तीर्ण राष्ट्रीय वने राखून ठेवण्यात आली. इ. स. १९०२ साली शिकारीत दोराने बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे त्यांनी नाकारले. त्या प्रसंगावरूनच मुलांच्या खेळण्यातल्या अस्वलास त्यांच्या लाडक्या नावाने ‘टेडी बेअर’ म्हणू लागले. आज आपल्या घरोघरी मुले ते उशाशी घेऊन झोपतात.

एक गोष्ट मात्र त्या वेळी फारशी कोणास ठाऊक नव्हती. अध्यक्ष असताना मुष्टियुद्धाच्या सरावात एका तरुण अधिकाऱ्याचा ठोसा त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी हळूहळू गेली. त्या तरुणाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी याची वाच्यता केली नाही. अशा रीतीने पन्नाशीचा, एका डोळ्याने अधू आणि दुसऱ्याने ऱ्हस्वदृष्टी असलेला हा मनुष्य सिंह आणि हत्ती यांच्या मुलखात जाण्याची तयारी करू लागला.

वर्षभराची तयारी

अध्यक्षपदाची मुदत ४ मार्च १९०९ रोजी संपणार होती. तयारी तिच्या बरीच आधी सुरू झाली. ज्याचे काम जो जाणतो त्यास विचारावे, हे त्यांचे पहिले सूत्र. आफ्रिकेत आयुष्य घालवलेले प्रसिद्ध इंग्रज शिकारी सेलूस आणि दुसरे जाणकार बक्स्टन यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला. कोणत्या महिन्यात कोठे जावे, माणसे कोणती घ्यावीत, तंबू कसले असावेत, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी नवशिक्याप्रमाणे विचारल्या. एका बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षास यात कमीपणा वाटला नाही.

दुसरे सूत्र म्हणजे हेतूची निश्चिती. केवळ मुंडकी भिंतीवर टांगण्यासाठी जायचे नाही, असे ठरवून त्यांनी जून १९०८ मध्ये वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थेस पत्र लिहिले. मी जे प्राणी मारीन ते संग्रहालयाचे. ती कातडी नीट जतन करणारे शास्त्रज्ञ संस्थेने बरोबर द्यावेत, अशी ती योजना होती. संस्थेने मर्न्स, हेलर आणि लोअरिंग असे तीन निसर्गशास्त्रज्ञ दिले; पैकी मर्न्स हे लष्करी डॉक्टरही होते. शास्त्रज्ञांचा खर्च देणग्यांतून व्हावा आणि स्वतःचा व पुत्राचा खर्च स्वतः करावा, असे ठरले. त्यासाठी एका मासिकात प्रवासलेख लिहिण्याचा करार करून त्यांनी ५०,००० डॉलर मिळवण्याची तजवीज केली. चौथे सोबती त्यांचे एकोणीस वर्षांचे पुत्र कर्मिट. कॉलेजाचे शिक्षण काही काळ बाजूस ठेवून छायाचित्रे घेण्याचे काम त्यांनी पत्करले.

हेतू ठरल्यावर सामान आपोआप ठरत गेले. या मोहिमेतील सर्वांत बोजड वस्तू कोणती असेल? वाचकांस वाटेल, बंदुका किंवा दारूगोळा. ती वस्तू होती साधे मीठ! तब्बल चार टन बारीक मीठ त्यांनी बरोबर नेले. उष्ण प्रदेशात कातडे सोलल्यावर लगेच मीठ चोळले नाही, तर ते कुजते, केस झडतात आणि मारलेला प्राणी व्यर्थ जातो. मिठाशिवाय सिंह मारणे म्हणजे नुसती हत्या. मिठामुळे तो अभ्यासाची वस्तू होतो. याखेरीज उंदीर, घुशी, चिचुंद्री असे लहान प्राणी धरण्यासाठी शेकडो सापळे होते. जगाचे लक्ष सिंहांकडे होते, पण शास्त्रज्ञांना या क्षुद्र जीवांचेही तितकेच मोल होते.

बंदुका त्यांनी कामाप्रमाणे निवडल्या. माळावरील हरणांसाठी स्प्रिंगफील्ड ही हलकी लष्करी रायफल, सिंहासारख्या श्वापदासाठी विंचेस्टर रायफल आणि हत्ती-गेंड्यांसाठी इंग्लंडची हॉलंड कंपनीची दुनळी जड रायफल. ही शेवटची बंदूक वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी त्यांनी केलेल्या कार्याबद्दल इंग्रज मित्रांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली होती. पक्ष्यांसाठी छर्ऱ्यांची बंदूक वेगळी. आपली नजर अधू आहे, नेम फार दूरवर लागत नाही, हे ते उघडपणे कबूल करीत. म्हणूनच बंदुकीचा दस्ता आणि नेम धरण्याची खूण आपल्या हाताडोळ्यांना बेताची असावी, याबद्दल ते काटेकोर होते.

आणि चष्मे? त्यांनी नेहमीच्या चष्म्याखेरीज नऊ जोड जादा घेतले व ते निरनिराळ्या ठिकाणी ठेवले. एक पेटी नदीत पडली, एक हमाल वाट चुकला, तरी दृष्टी जाऊ नये हा हेतू. दुर्बीण, होकायंत्र, चाकू आणि पाणी न शिरणारी आगपेटीची डबी या वस्तू अंगावर असत. शुभशकुन म्हणून जॉन सलिव्हन या नामांकित मुष्टियोद्ध्याने पाठवलेला, सोन्यात मढवलेला सशाचा पायही त्यांनी खिशात घातला. थोर माणसांच्याही खिशात एखादा ताईत असतो, हे वाचून आपल्या घरच्या आजीबाईंना बरे वाटेल.

कपड्यांतही थाट नव्हता. खाकी विजार, गुडघ्यांवर चामडे लावलेली आणि गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत घट्ट गुंड्या असलेली. म्हणजे काट्यांत निराळे गेटर नकोत. लष्करी सदरा, जाड कोट, खिळे ठोकलेले आणि रबरी तळाचे असे दोन प्रकारचे बूट. डोक्यावर आपली आवडती रुंद काठाची टोपी घालावी असे त्यांच्या मनात होते. पण तिकडच्या जाणत्यांनी उन्हासाठी सोला हॅट सांगितली, तेव्हा आवड बाजूस ठेवून त्यांनी तीच घातली.

खाण्याच्या सामानात बोस्टन पद्धतीचे शिजवलेले घेवडे, कॅलिफोर्नियाचे पीच आणि टोमॅटो यांचे डबे होते. जन्मभूमीची चव परदेशात किती धीर देते, हे लेकाला परगावी धाडताना बरणीत लोणचे भरणारी प्रत्येक आई जाणते.

या सर्व सामानात प्रस्तुत लेखकास अधिक मोह पडला तो पुस्तकांच्या पेटीचा. रूझवेल्ट यांच्या भगिनीने त्यांना सुमारे साठ पुस्तकांचे एक प्रवासी ग्रंथालय भेट दिले. पुस्तकांच्या कडा कापून ती लहान केली होती आणि सर्वांना डुकराच्या कातड्याची बांधणी केली होती. बायबल, होमर, शेक्सपियर, दान्ते, मिल्टन यांच्याबरोबर स्कॉट, डिकन्स आणि मार्क ट्वेन यांच्या गोष्टीही होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या पेटीसह सारे वजन ६० पौंडांच्या आत, म्हणजे एका हमालाचे ओझे! कातड्याची बांधणी शोभेसाठी नव्हती. शिकारीत हाताला घाम, रक्त, बंदुकीचे तेल, धूळ लागते. कापडी बांधणी त्याने नासते, कातडे मात्र वापराने खोगिरासारखे अधिक मुरते. रूझवेल्ट दुपारच्या विसाव्यात झाडाखाली, तर कधी मारलेल्या जनावराशेजारी कातडे सोलणाऱ्यांची वाट पाहत, यांतील पुस्तक उघडून वाचीत बसत.

सामानाबरोबर शरीराचीही तयारी चालू होती. जानेवारी १९०९ मध्ये, पन्नास वर्षांचे असताना, कडाक्याच्या थंडीत एका दिवसात सुमारे शंभर मैल घोडदौड करून ते परतले.

मोंबासा ते खार्टूम

२३ मार्च १९०९ रोजी, पदत्यागानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या बंदरातून प्रस्थान ठेवले. नेपल्स येथे जहाज बदलून २१ एप्रिल रोजी ते मोंबासा बंदरी उतरले. दुसऱ्या जहाजावर योगायोगाने ज्येष्ठ शिकारी सेलूसही होते. त्यामुळे प्रवासातही शिकवणी चालूच राहिली.

मोंबासाहून आत जाणारी युगांडा रेल्वे हे आपल्या देशबांधवांच्या कष्टाचे स्मारक आहे. इ. स. १८९६ पासून ती बांधण्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मरण पावले; त्सावो नदीकाठी तर इ. स. १८९८ मध्ये दोन नरभक्षक सिंहांनी मजुरांचे तंबू फाडून माणसे ओढून नेली. त्या काळी पूर्व आफ्रिकेत चलन हिंदुस्थानी रुपयाचे होते. दुकाने गुजराती व्यापाऱ्यांची होती, तर कचेऱ्यांतून अनेक गोमंतकीय कारकून लेखणी चालवीत होते. रूझवेल्ट त्या आगगाडीच्या इंजिनापुढील बाकावर बसून दुतर्फा चरणारे कळप पाहत गेले. हा रस्ता ज्यांनी हाडे झिजवून केला, त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. थोरांच्या प्रवासाची पहिली तयारी अनेकदा अनामिकांनी करून ठेवलेली असते, हे विसरू नये.

कापिटी स्टेशनावर तळ तयार होता. कनिंगहॅम आणि टार्लटन हे दोन वाकबगार व्यवस्थापक नेमलेले होते. सुमारे दोनशे हमाल, पहाऱ्याचे अस्करी शिपाई, बंदुका वाहणारे, घोड्यांचे मोतद्दार, आचारी आणि तंबूतील चाकर असा हा जथा होता. हमालांसाठीही छोटे तंबू नेले होते. रूझवेल्ट यांच्या तंबूला मागील बाजूस स्नानाची छोटी कनात होती आणि पुढे त्यांच्या देशाचा ध्वज फडकत असे. निर्जळ टापूतून जाताना बैलगाड्यांतून माणसांसाठी पाणी नेण्याची तजवीज झाली. दिवसभराच्या पायपिटीनंतर रात्री दिव्याच्या उजेडात ते पेन्सिलीने, कार्बन कागद घालून, प्रतींसह लेख लिहीत आणि जासुदाहाती रवाना करीत. एक प्रत वाटेत गहाळ झाली तरी दुसरी पोचावी म्हणून.

अशा रीतीने सध्याच्या केनिया आणि युगांडा या देशांतून नाईल नदीकाठाने उतरत १४ मार्च १९१० रोजी ही मंडळी खार्टूमला पोचली. तेथे त्यांची पत्नी आणि कन्या त्यांना भेटण्यास आल्या होत्या. निद्रारोगाच्या साथीने लाखो लोक बळी पडलेल्या प्रदेशाच्या वाटेने जाऊनही वडील व पुत्र सुखरूप परतले.

हिशेब

आता हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगणे म्हणजे मुलांना अर्धेच गणित शिकवणे होय. या सफरीत पितापुत्रांनी मिळून ५१२ प्राणी मारले. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. लहानमोठे सर्व जीव धरून सुमारे ११,४०० नमुने संग्रहालयास गेले आणि त्यांची नोंद पुरी करण्यास आठ वर्षे लागली. मीठ वाया गेले नाही. परंतु त्या वीस गेंड्यांत नऊ गेंडे उत्तरेकडील पांढऱ्या जातीचे होते. ही जात तेव्हाही विरळ झाली असल्याचे रूझवेल्ट जाणत होते. ती नष्ट होण्यापूर्वी संग्रहालयांत तिचे नमुने असावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे शिंगांच्या लोभाने चोरट्या शिकाऱ्यांनी ही जात संपवत आणली. १९ मार्च २०१८ रोजी तिचा शेवटचा नर केनियात मरण पावला आणि मागे केवळ दोन माद्या उरल्या. जातीच्या नाशाचा दोष रूझवेल्ट पितापुत्रांच्या गोळ्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही; तरीही जो पुरुष वनांचा रक्षक म्हणून गौरवला जातो, त्याच्या सफरीत विरळ जातीचे नऊ जीव गेले, हे मनास टोचल्यावाचून राहत नाही. इ. स. १९७७ मध्ये केनियाने शिकारीस बंदी केली. आता तेथील सफारीत बंदुकीऐवजी कॅमेरा असतो. आपल्या मंडळींपैकीही कोणी जाऊन आले असतील. नऊ चष्मे नेणाऱ्या त्या पुरुषाला जे त्या काळी दिसले नाही, ते काळाने आपल्याला दाखवले आहे. आपल्या आजच्या वर्तनातील काय पुढच्या पिढ्यांना खटकेल, हे आपल्यालाही आज दिसत नसेल.

चष्म्याचे घर आणि शेवटचा प्रवास

इ. स. १९१२ मध्ये रूझवेल्ट पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे राहिले. १४ ऑक्टोबर रोजी मिल्वॉकी शहरी सभेस निघाले असता एका माथेफिरूने त्यांच्या छातीवर गोळी झाडली. खिशात पन्नास पानांचे भाषण दुमडून ठेवलेले होते आणि चष्म्याचे पोलादी घर होते. त्यांतून जाताना गोळीचा जोर ओसरला आणि प्राण वाचले. गोळी छातीत असतानाच त्यांनी सुमारे दीड तास भाषण केले. ज्या दुर्बलतेची लहानपणी थट्टा झाली असेल, तिच्यासाठी बाळगलेली डबीच अखेर कवच झाली.

निवडणुकीत पराभव झाल्यावर इ. स. १९१३ मध्ये ते दक्षिण अमेरिकेस गेले. या खेपेस तयारीचा भार त्यांनी बव्हंशी दुसऱ्यांवर सोपवला. ठरले होते ते परिचित नद्यांतून जाण्याचे, आणि सामानही त्याच बेताने बांधले होते. ब्राझीलमध्ये पोचल्यावर मात्र एका अज्ञात नदीचा शोध घेण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यांनी तो उत्साहाने स्वीकारला. सामान एका प्रवासाचे आणि प्रवास दुसराच! बरोबर आणलेल्या जड नावा मागे टाकाव्या लागल्या. ओझ्याची जनावरे वाटेत मेली. पेट्याच्या पेट्या रानात सोडाव्या लागल्या. पुढे नदीच्या धबधब्यांत होड्या फुटल्या, शिधा सरत आला, तीन माणसे दगावली. रूझवेल्ट यांच्या पायाची जखम चिघळली, ज्वर चढला आणि मला येथेच टाकून पुढे जा, असे त्यांनी सोबत्यांस सांगितले. पुत्र कर्मिट यांनी ते ऐकले नाही. कर्नल राँदाँ या ब्राझीलच्या अनुभवी अधिकाऱ्याचे ज्ञान आणि पुत्राची निष्ठा यांमुळे एप्रिल १९१४ मध्ये ते जिवंत बाहेर आले. नदीस त्यांचे नाव मिळाले, पण प्रकृती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. जुलै १९१८ मध्ये धाकटा पुत्र क्वेंटिन विमानयुद्धात पडला आणि ६ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, झोपेतच रूझवेल्ट यांची प्राणज्योत मालवली.

एकच मनुष्य, तेच धैर्य, तोच पुत्र बरोबर. तरीही आफ्रिकेतून तो सुदृढ परतला आणि ब्राझीलमधून मृत्यूच्या दारातून परतला. आफ्रिकेचे दैवही त्यास अनुकूल असेल, पण दोन प्रवासांतील मोठा भेद तयारीचा होता. धैर्य दोन्हीकडे होते. विचारपूस, मोजमाप आणि आपल्या उणिवांची कबुली पहिल्या प्रवासात होती.

आपली मुलेमुली आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दूरदूरच्या देशी जातात. त्यांच्या ट्रंका भरताना आपण वडील माणसे चिवडा आणि लाडू भरतो, ते भरावेतच. पण त्यांना एवढे विचारावे की, बाळांनो, तुम्ही कशासाठी जाता ते ठरले आहे ना? तुमचे मीठ कोणते, म्हणजे ज्यावाचून मिळवलेले सारे नासून जाईल, अशी वस्तू कोणती? तुमचे उणे कोणते आणि त्यासाठी जादा चष्मे घेतले आहेत ना? साठ पौंडांत मावेल असा काही वाचनाचा आधार आहे ना? याची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्या कंदिलात तेल आहे असे समजावे आणि निश्चिंत मनाने त्यास निरोप द्यावा.